मंगळ समजून घ्यायचा तर लोणारला का जायचं?

25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीत आकाशातून एक दगड पडला. वजन साधारण 5 किलो. त्याचे तुकडे युरोपातल्या संग्रहालयांत पोचले आणि 1872 मध्ये गुस्ताव चेरमाक या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञाला त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दगडातल्या काही कणांचा बाहेरचा आकार फेल्डस्पार या खनिजाच्या स्फटिकाचा होता, पण आत स्फटिक उरलाच नव्हता. होती ती निव्वळ काच. ब्रिटिश म्युझियममधले खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांच्या सन्मानार्थ या पदार्थाला मॅस्केलिनाइट असं नाव मिळालं.

स्फटिक न वितळता, आपला आकार न सोडता काच कसा होतो? या प्रश्नाचं उत्तर मिळायला 1963 साल उजाडलं. डॅनियल मिल्टन आणि पॉल डी कार्ली यांनी फेल्डस्पार असलेल्या खडकाला प्रयोगशाळेत स्फोटकांचा धक्का दिला आणि मॅस्केलिनाइट तयार करून दाखवला. म्हणजे शेरघाटीच्या दगडाला कुठेतरी, कधीतरी भयंकर मोठा धक्का बसला होता. कुठे, तेही पुढे कळलं. अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडलेल्या याच जातीच्या एका अशनीतल्या काचेत वायूचे सूक्ष्म बुडबुडे अडकले होते. 1976 मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाच्या हवेचं जे मोजमाप केलं होतं, त्याच्याशी हे वायू जुळले. ही जुळणी 1983 मध्ये प्रसिद्ध झाली आणि शेरघाटीचा दगड मंगळावरून आला होता हे हळूहळू सर्वमान्य झालं.

पण हा दगड आपला पत्ता घेऊन आलेला नाही. मंगळावरच्या नेमक्या कोणत्या विवरातून तो उडाला, विवराच्या मध्यापासून किती अंतरावर होता, त्याच्या शेजारच्या खडकाचं काय झालं, यातलं काहीच दगडावर लिहिलेलं नाही. हे समजून घ्यायचं तर अशी जागा हवी जिथे त्याच जातीच्या, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या बेसाल्टच्या, खडकावर अशनी आदळला आहे आणि जिथे आपल्याला पायी फिरता येतं. ती जागा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर.

दुसऱ्या ग्रहाचा भूगोल अभ्यासण्यासाठी पृथ्वीवरच्या एखाद्या ठिकाणाचा आधार घेण्याला शास्त्रज्ञ अ‍ॅनालॉग अभ्यास म्हणतात. गरज उघड आहे. मंगळाबद्दल आपल्या हाती काय असतं? कक्षेत फिरणाऱ्या यानांनी काढलेली छायाचित्रं, खडकांवरून येणाऱ्या प्रकाशाचे वर्णपट, मोजक्या बग्ग्यांनी पालथा घातलेला थोडासा टापू, आणि पत्ता नसलेले अशनी. छायाचित्रात एखादी घळ दिसते, पण ती कोरली कोणी, हे छायाचित्र सांगत नाही. वर्णपटात काच दिसते, पण ती ज्वालामुखीची की आघाताची, हे वर्णपट सहजी सांगत नाही. कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर असलेली एखादी जागा पृथ्वीवर सापडली, तर तिथे शिकून मग वर पाहता येतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. लाल माती, झाड नाही, झुडूप नाही, की झाला मंगळ, असं अनेकांना वाटतं. बातम्यांचे मथळेही तसेच असतात. दिसण्यातलं साम्य फोटोपुरतं बरं, अभ्यासाला त्याचा उपयोग थोडाच. अ‍ॅनालॉगची निवड एका ठराविक प्रश्नासाठी होते. खडकाचं रसायन हा प्रश्न असेल तर रसायन जुळलं पाहिजे, बाकी काही न जुळलं तरी चालतं. तमिळनाडूतलं नामक्कल जिल्ह्यातलं सित्तमपूंडी घ्या. आजूबाजूला गावं, शेतं, झाडं. चंद्राची आठवणही होऊ नये असा परिसर. पण तिथला खडक अ‍ॅनॉर्थोसाइट आहे, आणि चंद्राचा उजळ दिसणारा भाग मुख्यतः याच खडकाचा बनलेला आहे. इस्रोने तिथला दगड दळून चंद्रावरच्या मातीसारखी माती तयार केली आणि चांद्रयानाच्या लँडरच्या व बग्गीच्या चाचण्या तिच्यावर घेतल्या. ऑगस्ट 2023 मध्ये प्रज्ञान बग्गी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात फिरली, तेव्हा तिच्या उपकरणालाही तिथली माती अ‍ॅनॉर्थोसाइटच्याच वळणाची आढळली. सित्तमपूंडी चंद्रासारखं दिसत नाही, आणि तरीही ते चंद्राच्या अभ्यासातलं अस्सल अ‍ॅनालॉग आहे.

आता लोणार. पृथ्वीवर आजवर सुमारे 200 आघात विवरं, म्हणजे अशनी आदळून झालेली विवरं, नक्की झाली आहेत. त्यातली बहुतेक ग्रॅनाइट, वालुकाश्म, चुनखडी अशा खडकांत आहेत. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाचं प्रसिद्ध विवर, जिथे युजीन शूमेकर यांनी अपोलोच्या अंतराळवीरांना भूविज्ञानाचे धडे दिले, तेही वालुकाश्म आणि चुनखडीतलं. पण चंद्रावरचे काळसर डाग बेसाल्टचे आहेत, मंगळाचा फार मोठा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे, शुक्राची मैदानंही बहुधा बेसाल्टची. म्हणजे ज्या जगांवर विवरंच विवरं आहेत तिथला खडक एक आणि पृथ्वीवर आपण ज्यांचा अभ्यास करतो त्या विवरांचा खडक भलताच. बेसाल्टमधली विवरं पृथ्वीवर मोजकी आहेत. ब्राझीलमध्ये, सायबेरियात काही आहेत, पण ती बरीच झिजलेली. वाटीचा आकार, उंचावलेला काठ आणि बाहेर फेकलेला मलबा हे सगळं आजही जागेवर ओळखता यावं असं बेसाल्टमधलं विवर म्हणजे लोणार. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, काठापासून पाण्यापर्यंत खोली जवळपास दीडशे मीटर, आणि काठ आसपासच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंच.

बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. सह्याद्रीचे कडे, गडांचे बुरूज, घराचं जोतं, पाटा-वरवंटा, रस्त्याची खडी, सगळीकडे तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वर येत राहिला, एकावर एक थर साचत गेले आणि आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर ते पसरलेले आहेत. लोणारच्या आतल्या भिंतीत असे पाच-सहा थर ओळखता येतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडी माती दिसते. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा खडक कुजून झालेली ही माती. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

लोणारची गाठ बाहेरच्या जगांशी बसायला मात्र फार वेळ लागला. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. नंतर दीडशे वर्षं बहुतेकांनी हे ज्वालामुखीचं काम मानलं. यात गंमत नाही, त्या विचाराला आधार होता. चहूकडे ज्वालामुखीचा खडक, मग त्यातलं गोल भगदाडही ज्वालामुखीनेच केलं असणार, असं कोणालाही वाटेल. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा आपल्या काळातला थोर अमेरिकन भूवैज्ञानिक. चंद्रावरची विवरं आघाताने झाली असं 1893 मध्ये ठामपणे मांडणारा. त्यानेच 1896 मध्ये अ‍ॅरिझोनाच्या विवराचा विचार करताना लोणारचा दाखला दिला आणि कौल मात्र जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाच्या बाजूने दिला. चंद्रावरचं बरोबर ओळखणारा माणूस पायाखालचं चुकला. साम्य त्याने अचूक हेरलं होतं, निष्कर्ष उलटा निघाला. अ‍ॅनालॉग अभ्यासातला सगळ्यात मोठा धोका हाच, आणि त्याकडे पुन्हा यायचंच आहे.

1960च्या दशकात आघाताची शंका पुन्हा उघडपणे मांडली गेली, आणि 1973 मध्ये निकाल लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळात विंधनविवरं घेतली होती. जवळपास शंभर मीटर गाळाखाली फुटून-तुटून पुन्हा बांधला गेलेला बेसाल्ट लागला, आणि त्यात मॅस्केलिनाइट. शोधनिबंधावर कर्ट फ्रेडरिकसन, ए. दुबे, एम. एस. बालसुंदरम यांच्यासोबत आणखी एक नाव होतं डी. जे. मिल्टन. स्फोटाने मॅस्केलिनाइट बनवून दाखवणारे तेच मिल्टन. लाव्हा कितीही तापला, ज्वालामुखी कितीही जोरात फुटला तरी मॅस्केलिनाइट तयार होण्याइतका दाब तिथे निर्माण होत नाही. वाद तिथेच मिटला.

हा पुरावा दिसतो कसा, ते जरा जवळून पाहू. दगडाचा तुकडा कापून, काचेच्या पट्टीला चिकटवून, घासत घासत त्याची जाडी 0.03 मिलिमीटरपर्यंत आणतात. इतका पातळ झाला की काळा पाषाणसुद्धा प्रकाश आरपार जाऊ देतो. ही पट्टी खास सूक्ष्मदर्शकाखाली दोन ध्रुवक भिंगांच्या मध्ये ठेवतात आणि खालची गोल तबकडी हळूहळू फिरवतात. साध्या, धक्का न बसलेल्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या लांबट कांड्या दिसतात, करड्या-पांढऱ्या, त्यांच्या अंगावर उभे पट्टे. तबकडी फिरली की पट्टे आळीपाळीने उजळतात आणि विझतात, कारण स्फटिकातले अणू शिस्तीत रचलेले असतात आणि प्रकाश कोणत्या दिशेने येतो याने त्यांना फरक पडतो. आता लोणारच्या आतून आलेला, जबर धक्का खाल्लेला दगड ठेवा. ध्रुवक बाजूला केला की त्याच लांबट कांड्या, त्याच कडा, तीच मांडणी. ध्रुवक पुन्हा आणला की कांड्या काळ्या. तबकडी पूर्ण फिरवा, त्या काळ्याच राहतात. आतली शिस्त मोडलेली आहे, आकार तेवढा शिल्लक आहे. शेजारी पायरॉक्सीनचे कण अजून रंग दाखवत असतात, त्यांच्यात फक्त भेगा पडलेल्या. एकाच धक्क्यात एक खनिज काच होतं आणि शेजारचं तडकून निभावून जातं, हे अशा पट्टीत शेजारी शेजारी पाहायला मिळतं.

यासाठी लागणारा दाब सुमारे 25 ते 30 गिगापास्कलच्या पुढचा. आपल्या भोवतीच्या हवेचा जो दाब असतो, त्याच्या अडीच-तीन लाख पट. तोही क्षणाच्या अगदी लहान अंशापुरता. यापेक्षा दाब कमी असेल तर फेल्डस्पारला नुसते तडे जातात, बराच जास्त झाला तर तो खरोखर वितळून फेसाळतो, आणि त्याहून वाढला तर सगळा खडकच वितळतो. सूझन कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये लोणारच्या दगडांची अशी पायऱ्यांची मांडणी केली. सोबत प्रयोगशाळेत बेसाल्टवर मोजून धक्के दिले आणि कोणत्या दाबाला काय होतं ते ताडून पाहिलं. त्यामुळे लोणारचा दगड ही नुसती आघाताची खूण राहिली नाही, ते दाब मोजायचं माप झालं. चंद्रावरून आणलेला बेसाल्ट असो की मंगळाचा अशनी, त्याला किती धक्का बसला असेल हे ठरवताना या मापाशी ताडून पाहता येतं.

मापाचा दुसरा उपयोग कक्षेतून होतो. 1997 मध्ये मंगळाच्या कक्षेत गेलेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावर जमिनीतून निघणारी उष्णता तरंगलांबीनुसार मोजणारं उपकरण होतं. प्रत्येक खनिज आपापल्या ठराविक तरंगलांबींना कमी ऊर्जा सोडतं, आणि आलेखात तिथे खळगे दिसतात. फेल्डस्पारचे खळगे अनेक आणि टोकदार असतात. काच झाली की ते मिसळून एक रुंद, उथळ खळगा उरतो. यानाने मंगळाच्या उत्तर भागात असं काही पाहिलं, जे भरपूर काच असलेल्या खडकासारखं होतं. ती काच ज्वालामुखीची, की पाण्याने कुजलेल्या बेसाल्टवरचा थर, यावर बराच वाद झाला. मंगळासारख्या विवरांनी भरलेल्या ग्रहावर आघाताची काचही असणारच. तिचा आलेख कसा दिसतो हे माहीत नसेल तर ती ओळखणार कशी? म्हणून लोणारचे, किती दाब सोसला हे ठाऊक असलेले दगड प्रयोगशाळेत तापवून त्यांचे आलेख घेतले गेले. मंगळाचा आलेख वाचताना आता हेही ताडून पाहता येतात. माझ्या मते लोणारचं ग्रहविज्ञानाला झालेलं सगळ्यात मोठं देणं हेच आहे, आणि आपल्याकडे याची चर्चा सरोवराच्या रंगाच्या चर्चेच्या दहावा हिस्साही होत नाही.

विंधनविवरांच्या नमुन्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आघातानंतर खडक तापलेला होता आणि भेगांत पाणी शिरलं. गरम पाण्याने बेसाल्टची काही खनिजं बदलून सॅपोनाइटसारखी चिकणखनिजं तयार झाली. जस्टिन हॅगर्टी आणि हॉर्टन न्यूसम यांनी 2003 मध्ये हे मांडलं, तेव्हा त्यांचा रोख सरळ मंगळावर होता. दोन किलोमीटरहूनही लहान विवरात जर गरम पाण्याचं असं चक्र चालू शकतं, तर मंगळावर अशी असंख्य विवरं आहेत. तिथे चिकणमाती दिसली की तिथे एके काळी नदी वाहत असे, असं लगेच म्हणता येणार नाही. काही चिकणमाती आघाताच्या उष्णतेने, जमिनीतलं बर्फ वितळूनही झालेली असू शकते. आणि गरम पाणी, खनिजं, भेगा असलेली जागा सूक्ष्मजीवांना सोयीची, त्यामुळे जीवसृष्टीचा माग काढणाऱ्यांनाही यात रस आहे. लोणारच्या पाण्याचा सामू साडेदहाच्या आसपास, म्हणजे पाणी कमालीचं अल्कधर्मी, आणि तरी त्यात सूक्ष्मजीव सुखाने राहतात. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या अशाच सूक्ष्मजीवांमुळे.

आता विवराच्या बाहेर येऊ. आघात होतो तेव्हा काठाजवळचे थर वर उचलले जातात आणि बाहेरच्या बाजूला उलथतात, अंथरुणावरची चादर कडेने धरून मागे उलटी टाकावी तसे. परिणामी काठावर क्रम उलटा होतो. जो लाव्हा आधी आला तो वर आणि नंतरचा खाली. लोणारमध्ये हे ताडायला थरांमधली तांबडी माती आणि प्रत्येक थरावरचा सच्छिद्र भाग मदतीला येतात. लाव्हाच्या थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र असतो. तो खाली तोंड करून सापडला की थर पालथा झाला हे कळतं. त्याच्याही पलीकडे, काठापासून सुमारे एक किलोमीटरपर्यंत, फेकलेल्या मलब्याचं आवरण आहे. मंगळावर अनेक विवरांभोवती हे आवरण चिखल पसरावा तसं पाकळ्यांच्या आकाराचं दिसतं. जमिनीतल्या बर्फामुळे की हवेमुळे, यावर वाद आहे. लोणारला मलबा पडला तेव्हा जमिनीवर घासत गेला की वरून नुसता कोसळला, याच्या खुणा तिथल्या उभ्या छेदांत शोधता येतात. कक्षेतून असा छेद कधीच दिसत नाही.

मात्र जुळणी कुठे संपते हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण चंद्राच्या सहापट, मंगळाच्या अडीचपटीहून जास्त. त्यामुळे उडालेला मलबा इथे जवळ पडतो. साधी वाटी किती मोठी होऊ शकते हेही गुरुत्वाकर्षणच ठरवतं. पृथ्वीवर विवर दोन ते चार किलोमीटरच्या पुढे गेलं की भिंती ढासळतात आणि मध्ये उंचवटा उठतो. चंद्रावर पंधरा किलोमीटरचं विवरसुद्धा लोणारसारखं साधं वाटीदार राहू शकतं. मंगळावरच्या जेझेरोचा, जिथे फेब्रुवारी 2021 मध्ये पर्सिव्हरन्स बग्गी उतरली, व्यास 45 किलोमीटर आहे. जेझेरोतही सरोवर होतं आणि लोणारमध्येही आहे म्हणून दोघांना सरसकट एका मापाने मोजता येत नाही.

दुसरा फरक पावसाचा. दरवर्षीचा पावसाळा लोणारचा काठ झिजवतो, गोमुखाच्या धारेने आपली घळ कोरली आहे, मलब्याच्या आवरणावर शेती झाली आहे. आतल्या उतारांवर ओघळींनी पाडलेल्या घळी आहेत. मंगळावरच्या विवरांतही अशा घळी दिसतात. 2000 मध्ये त्यांची छायाचित्रं आली तेव्हा वाहतं पाणी सापडलं, अशी हवा झाली. पुढे अनेक वर्षं तीच ठिकाणं पुन्हा पुन्हा टिपल्यावर दिसलं की घळींतले बदल मंगळाच्या हिवाळ्यात होतात, जेव्हा तिथे कार्बन डायऑक्साइडचं हिव पडलेलं असतं. म्हणजे आजच्या घळी वाहत्या पाण्यावाचूनही कोरल्या जात असाव्यात. लोणारची घळ पाहून मंगळाच्या घळीचं कारण सांगणारा गिल्बर्टच्याच वाटेने जातो, फक्त उलट्या दिशेने.

आणि मग वयाचा प्रश्न. विवर किती काळात किती झिजतं हे लोणारवरून शिकायचं तर लोणार किती जुनं ते आधी ठरायला हवं. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे काच तापवल्यावर तिच्यातून निघणारा प्रकाश मोजून, वय आलं सुमारे 52,000 वर्षं. खडकात काळानुसार साठत जाणारा आर्गॉन वायू मोजण्याच्या पद्धतीने 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते आणलं सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक! आर्गॉन पद्धतीत अडचण अशी की साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसाल्टमध्ये साठलेला आर्गॉन आघातात पूर्ण निघून गेला नाही, तर वय फुगून येतं. दुसऱ्या पद्धतीत काचेने नंतर सोसलेली ऊन, पाणी, झीज आड येते. संशोधकांनी दोन्हीकडून दुरुस्त्या करून पाहिल्या आहेत, वाद संपलेला नाही. तोवर लोणारच्या झिजेवरून मंगळावरच्या झिजेचा वेग काढायचा म्हटला तर पायाच डळमळीत राहतो. दाबाच्या प्रश्नाला लोणार भक्कम अ‍ॅनालॉग आहे, झिजेच्या प्रश्नाला अजून नाही. एकच जागा, दोन प्रश्न, दोन वेगळे निकाल.

अ‍ॅनालॉगने चुकीच्या वाटेला लावल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण अपोलो 16चं. एप्रिल 1972 मध्ये जॉन यंग आणि चार्ली ड्यूक चंद्राच्या डेकार्ट प्रदेशात उतरले. पृथ्वीवरच्या ज्वालामुखी प्रदेशांशी तिथल्या टेकड्यांचं आणि मैदानांचं दिसणं जुळत होतं, म्हणून शास्त्रज्ञांची अपेक्षा ज्वालामुखीच्या खडकांची होती आणि अंतराळवीरांची तयारीही तशीच करून घेतली होती. प्रत्यक्षात हाती येऊ लागले ते आघातांनी फोडून पुन्हा जुळलेले खडक. पण याच तालमीमुळे अंतराळवीरांचे डोळे तयार झाले होते. अपेक्षा बाजूला ठेवून, समोर दिसतंय ते आपण समजत होतो तसं नाही, हे त्यांनी चंद्रावर असतानाच ओळखलं. त्या मोहिमेने चंद्राच्या पर्वतप्रदेशांबद्दलचं मत बदललं. दाखला चुकला, पण त्यावर घडलेली नजर उपयोगी पडली.

भारतात इतरही जागा आहेत, त्या थोडक्यात. कच्छमधल्या मातानो मढला बेसाल्टच्या परिसरात जॅरोसाइट हे पिवळसर खनिज मिळालं. ते तयार व्हायला पाणी लागतं आणि तेही आम्लधर्मी. 2004 मध्ये ऑपॉर्च्युनिटी बग्गीला मंगळावर जॅरोसाइट सापडलं होतं, त्यामुळे कच्छची ही जागा खनिजाच्या प्रश्नासाठी चांगली जुळते. लडाखमध्ये त्सो कार सरोवराजवळ ऑगस्ट 2025 मध्ये इस्रोच्या सहभागाने माणसांना बंदिस्त निवाऱ्यात ठेवून प्रयोग झाला. तिथे कस खडकांपेक्षा माणसांचा लागतो: विरळ हवा, थंडी, एकटेपणा. अशा मोहिमांना बातम्यांत जागा जास्त मिळते, पण भूविज्ञानाचा अ‍ॅनालॉग आणि माणसाच्या सहनशक्तीचा अ‍ॅनालॉग ही दोन वेगळी कामं आहेत.

लोणारला 1979 मध्ये राष्ट्रीय भूवारसा स्मारकाचा दर्जा मिळाला, 2020 मध्ये सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. संरक्षणाची सगळी नजर पाण्यावर आणि काठाच्या आतल्या जंगलावर असते, आणि ती हवीच. पण वर सांगितलेल्या अभ्यासातला मोठा भाग काठाबाहेरच्या मलब्याच्या आवरणावर उभा आहे. गावाची वस्ती, शेतं, रस्ते, खोदकाम हे सगळं त्याच आवरणावर आहे. एखादा छेद मातीखाली गेला किंवा बांधकामात गेला, तर तिथला क्रम पुन्हा वाचता येत नाही. वस्ती हलवा असं कोणी म्हणत नाही. निदान मलब्याचे चांगले उघडे छेद कुठे आहेत याची पाहणी होऊन, त्यातले मोजके तरी कुंपण घालून राखले, फलक लावून दाखवले, तर ते शाळेच्या सहलींनाही पाहता येतील.

तुम्ही तिथे जाल तेव्हा पाण्याकडे उतरण्याआधी काठावर थांबून समोरच्या भिंतीकडे बघा. भिंतीच्या खालच्या बाजूचे थर बऱ्यापैकी आडवे आहेत. वर काठाकडे जाताना तेच थर बाहेरच्या बाजूला कलत जातात. सह्याद्रीत कुठेही काळ्या पाषाणाचे थर असे वाटोळे, एका मध्यबिंदूपासून चहूकडे बाहेर झुकलेले दिसणार नाहीत. मग बाहेरच्या उतारावर फिरा आणि धारदार कडांचे, वेगवेगळ्या थरांतले दगड एकाच मातीत कालवल्यासारखे मिसळलेले कुठे दिसतात ते शोधा. एखादा वेगळा, काचेरी दगड दिसला तर फोटो काढा आणि तो तिथेच राहू द्या. काठापासून किती लांब आणि मलब्याच्या कोणत्या थरात तो होता, हे कळलं तरच तो कुठून उडाला आणि किती दाब सोसून आला, याचा हिशेब लागतो.